बावखलाची कोथिंबीर

शत्रुघ्नच्या बारशाला आत्यानं राम नको, लक्ष्मण नको, म्हणून नेमकं चौथ्या भावाचं नाव ठेवलं. आत्या कधीच गेली, पण नाव माणसाला चिकटलं. बोळिंजच्या जुन्या आळीत आजही सांगतात, की शत्रुघ्नशी खुशाल भांडा. चार शिव्या द्या, तो आठ देईल, आणि संध्याकाळी स्वतःच चहाला हाक मारील. पण तो गप्प बसला तर मात्र सांभाळा. गप्प बसला म्हणजे त्यानं डूख धरला.

त्याचा चुलतभाऊ जयराम हे शिकला ते शिडीवरून. जयरामनं एकदा शत्रुघ्नची बांबूची शिडी नेली, तीन पायऱ्या मोडून परत आणली आणि वर म्हणाला, "मोडकीच होती." शत्रुघ्न काही बोलला नाही. सहा वर्षं बोलला नाही. सातव्या वर्षी ऐन मे अखेरीला जयरामच्या घराची कौलं वाऱ्यानं उडाली, आळीत दुसऱ्या कोणाकडे शिडी नव्हती, आणि जयराम दारात येऊन उभा राहिला. शत्रुघ्ननं माळ्यावरून तीच शिडी काढली. सहा वर्षं फडक्यात बांधून जपलेली! "घे," म्हणाला, "मोडकीच आहे." बाजूला भिंतीला नवीकोरी शिडी टेकवलेली होती. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

तर अशा माणसाच्या वाटेला परेश गेला. आणि गेला तो हसत हसत.

शत्रुघ्नच्या वाडीच्या मधोमध बावखल आहे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. ना पायऱ्या, ना कठडा, उतरत्या काठांचं साधं खोदलेलं. पावसाचं पाणी त्यात साचायचं, जमिनीत मुरायचं, आणि त्यावर आठ महिने केळी, दुधी, वाल असं सगळं पोसायचं. शत्रुघ्नच्या आज्यानं ते खोदलं. दर मे महिन्यात गाळ काढायचा दिवस ठरायचा आणि अख्खी आळी गुडघाभर चिखलात उतरायची. काठावर भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी असायची. त्या दिवशी बायका नवऱ्यांना चिखलात ढकलायच्या आणि कोणी रागवायचं नाही.

मग इमारती आल्या. माणसं आली, माणसांना पाणी लागतंच, त्यात कोणाचा दोष नाही. पण नळाला पाणी येईपर्यंत टँकर आले, आणि टँकरवाल्यांनी आजूबाजूच्या विहिरी अशा उपसल्या की खालून खाडी वर चढली. जयरामची विहीर आधी मचूळ झाली, मग खारट. त्याची केळी पिवळी पडली, त्यानं वाडी विकून टाकली आणि गाळा घेतला. शत्रुघ्नकडेही टँकरवाला आला होता. शत्रुघ्ननं त्याला सरळ सांगितलं, "पानी विकनार नाय. दूध विकतो गाईचं, गाय नाय विकत." त्याच्या घराजवळची छोटी विहीर म्हणूनच गोडी राहिली. पण तिची ऐपत दिवसाला दहा-बारा हंड्यांची. घर भागायचं आणि एखादा वाफा भिजायचा. बाकी सगळी वाडी बावखलाच्या जिवावर होती.

वाडीच्या मागच्या कुंपणाला लागून 'हिरवाई रेसिडेन्सी' उभी राहिली. एकशे चाळीस घरं. सांडपाणी साफ करायचं मोठं यंत्र बिल्डरनं तळघरात बसवून दिलं होतं, पण त्याला वीज फार लागते म्हणून सोसायटीनं ते बंद करून टाकलं. बंद केलं तर मैलापाणी जायचं कुठे? एका फेब्रुवारीत शत्रुघ्न सकाळी बावखलावर गेला आणि त्याला काठाला फेस दिसला. चार दिवसांनी मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. वासाचा माग काढत तो कुंपणापर्यंत गेला. भिंतीच्या बुडातून हातभर रुंद पाइप बाहेर काढला होता, वर नारळाच्या झावळ्या पांघरून.

सोसायटीचा सेक्रेटरी परेश. चाळिशीचा, मूळचा नाशिककडचा, अंधेरीला नोकरी, बोलायला गोड. शत्रुघ्न बायकोला, कमळीला घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेला. जाताना कमळीनं त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. परेशनं खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. आणि मग चष्मा पुसत म्हणाला, "काका, खरं सांगू का, तुम्ही उलट आम्हाला थँक्यू म्हणायला पाहिजे. फुकटचं खत आहे! शेतकऱ्याला आणखी काय हवं?"

ऑफिसात बसलेले चौघं हसले. दारातला वॉचमन हसला. पुढ्यातला पाण्याचा ग्लास शत्रुघ्ननं न पिता तसाच ठेवला. कमळीला वाटलं, आता हा टेबल उलथवतो. पण तो नुसता उठला आणि चालू लागला.

गप्प बसला ना? झालं तर मग.

त्यानं अर्ज केले, नाही असं नाही. तीन केले. अर्जांचं जे होतं तेच झालं. त्या वर्षीच्या पावसात बावखल भरून वाहिलं आणि ते पाणी खालच्या भाताच्या खाचरात पसरलं. शत्रुघ्ननं नेहमीच्या अदमासानं युरियाच्या दोन गोण्या फेकल्या. पन्नास वर्षं हात बसलेला, त्यात विचार काय करायचा! भात असं उठलं की बघणारे थांबून बघायचे. काळंभोर हिरवं, छातीला लागणारं. जयराम म्हणाला, "लेका, यंदा कनगी पुरनार नाय तुला." दसऱ्याला सगळं आडवं झालं. लोंब्या दाबून बघितल्या तर फोलपटं. दुधीच्या वेलानं मांडव झाकला पण फळ एक धरलं नाही. पीक माजलं होतं. माजलेल्या पिकाला दाणा धरत नाही.

कृषी सहायक म्हणून क्षितिजा नावाची मुलगी नवीन आली होती. स्कूटीवरून आली, बाटलीत पाणी भरून नेलं, आठ दिवसांनी कागद घेऊन आली. "काका, युरिया म्हणजे काय? नत्र. तुमच्या बावखलात एकशे चाळीस घरांच्या संडास-मोऱ्यांचं नत्र येऊन पडतंय. वर तुम्ही दोन गोण्या टाकल्यात. जेवून उठलेल्याला पुन्हा पंगतीत बसवलंत तुम्ही. पीक नुसतं पानांत जातं मग."

"मंग ह्या पान्यावर होईल तरी काय?"

"पालेभाजी फोफावेल. एक चिमूट खत लागणार नाही. पण लावू नका हं! नत्राबरोबर जंतूही येतात. कोथिंबीर, मुळा, असलं कच्चं खाल्लं जातं. कावीळ होते, टायफॉइड होतो."

शत्रुघ्ननं कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. कमळीला वाटलं, हा आता हाय खाणार. हा तर त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला!

कारण त्याला शिडी सापडली होती.

दिवाळीनंतर त्यानं वाडी पालेभाजीखाली घातली. कोथिंबीर, मुळा, पालक, माठ. बावखलाला पंप लावला. आणि घराजवळ, विहिरीच्या बाजूला, एक लहानसा वाफा वेगळा धरला. कमळीला बजावलं, "घरचं काय लागंल ते ह्या वाफ्यातनं खुडायचं. तिकडचं नाय." का, ते सांगितलं नाही. सांगणार कसं? कमळीच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय ती मनानं मऊ. सोसायटीतल्या बायकांना लोणचं देणारी, त्यांच्या पोरांना पेरू देणारी. तिला कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी पंपाची वायर तोडली असती. कमळीनंही फार विचारलं नाही. घरचा वाफा तर सगळेच वेगळा धरतात.

रोज सकाळी सातला शत्रुघ्न टोपली घेऊन 'हिरवाई'च्या गेटावर बसू लागला. कोथिंबिरीच्या जुड्या अशा की दोन हातांत मावत नसत. मुळ्याचा पाला सुपाएवढा. बायका तुटून पडल्या. "अय्या, गावठी! वास बघ ना!" परेशची बायको मीरा तर रोजची. "काका, दोन जुड्या. आमच्या ह्यांना हिरवी चटणी असल्याशिवाय डबा चालत नाही." शत्रुघ्न जुडी झटकून तिच्या पिशवीत घालायचा आणि म्हणायचा, "घ्या वहिनी. तुमचंच आहे." मीराला वाटायचं, काय गोड माणूस आहे.

परेश ऑफिसला निघताना गाडीची काच खाली करून हात हलवायचा. "काय काका, जोरात धंदा!" शत्रुघ्न हसून मान हलवायचा. गाडीत मागच्या सीटवर डबा असायचा, डब्यात चटणी असायची. तो विचार शत्रुघ्नला दिवसभर पुरायचा. पाणी सोडताना, खुरपताना, जुड्या बांधताना तो मनात म्हणायचा, खा. आणखी खा. चाटून खा. धंद्यात फार काही सुटत नव्हतं, त्याचं त्याला काही नव्हतं. तीन वर्षं त्यानं हा सूड रोज सकाळी थोडा थोडा वाटला आणि रोज त्याला झोप चांगली लागली.

त्याचे काही नियम होते म्हणा. सोसायटीच्या गणपतीला महाप्रसादाचा अळू मागितला तेव्हा त्यानं तो घरच्या वाफ्यातला दिला, तोही पुरला नाही म्हणून निर्मळ गावाकडून आणून दिला. "देवाशी माझं काय भांडन नाय." आणि एकदा गेटावर एक चिमुरडी टोपलीतली काडी उचलून चावायला लागली, तेव्हा त्यानं चटकन तिचा हात धरला. "धुऊन खा गं, पोरी." हात धरला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. मग त्याला पांढरी पोटं वर केलेले मासे आठवले आणि त्यानं मन घट्ट केलं.

एक गोष्ट मात्र त्याला खटकायची. रविवारी टोपलीतल्या दोन जुड्या कमी भरायच्या. बांधलेल्या तीस, गेटावर मोजल्या तर अठ्ठावीस. त्याचा संशय वॉचमनवर होता. ऑफिसात हसला होता ना तो! दोनदा त्यानं त्याला त्यावरून झाडलाही.

कमळी रविवारी आचोळ्याला जायची. तिथं त्यांची एकुलती एक लेक रीमा, फ्लॅटमध्ये, नवरा, सासू आणि पाच वर्षांची अनुष्का. शत्रुघ्नचा सगळा जीव त्या नातीत. ती फोनवर "आजोबा, मुळा पाठवा" म्हणाली की हा इकडे विरघळायचा. मुळा कच्चा कराकरा खाणारी ती पोरगी. त्याचीच नात, दुसऱ्या कोणाची असणार! कमळीची पिशवी घेऊन तो तिला बसपर्यंत सोडायला जायचा.

तिसऱ्या वर्षीच्या जुलैत मीरा चार दिवस गेटावर आली नाही. पाचव्या दिवशी आली ती उतरलेल्या तोंडानं. "आमच्या सुमेधला कावीळ झाली, काका. सोसायटीत सहा मुलांना झालीये. टँकरचं पाणी, दुसरं काय." शत्रुघ्नच्या छातीत लक्क झालं, पण ते त्यानं तिथंच दाबलं. "हां. टँकरचंच," तो म्हणाला. आणि त्याच आठवड्यात आचोळ्याहून फोन आला, अनुष्का ॲडमिट.

डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. हाताला सुई टोचलेली. शत्रुघ्न नऊ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता. आणि तिथं बसून त्यानं स्वतःची समजूत पक्की करून घेतली. आचोळ्याला जातं ते घरच्या वाफ्यातलं. इथंही टँकरच. म्हणजे तिकडेही टँकरच. ह्या इमारतवाल्यांनीच पाणी नासवलं, विहिरी खारवल्या, आणि आता माझी नातही पिवळी केली. मेल्यांनो, तुमच्या टॉवरांना आग लागो! पोर घरी आली तेव्हा त्याच्या अंगातला राग दुप्पट झाला होता. आता नुसतं खाऊ घालून भागणार नव्हतं. परेशला कळायला हवं होतं. चार माणसांत, तोंडातला घास तोंडात असताना कळायला हवं होतं.

ती वेळ परेशनंच आणून दिली. सव्वीस जानेवारीला सोसायटीला दहा वर्षं पुरी होत होती. झेंडावंदन, मग स्नेहभोजन, आणि 'स्थानिक भूमिपुत्राचा सत्कार'. परेश स्वतः घरी आला. "काका, सत्कार तुमचा! आणि भाजीही तुमचीच. पालकाची भजी, मुळ्याची कोशिंबीर आणि तुमच्या कोथिंबिरीची चटणी."

"देतो ना," शत्रुघ्न म्हणाला. "सगळं देतो."

त्या आठवड्यात तो इतका खुशीत होता की कमळीनं विचारलं, "लगीन ठरलंय काय तुमचं?" तिला वाटलं, शालीचा आनंद आहे. तिनं आचोळ्याला निरोप धाडला, बाबांचा सत्कार आहे, सगळ्यांनी यायचंच.

मंडपात दोनशे पानं बसली. रीमा आली, नवरा आला, सासूबाई नेसूची पैठणी सावरत आल्या, अनुष्का पुढं पळत आली. त्यांना बघून शत्रुघ्न क्षणभर गडबडला. मग त्यानं रीमाला बाजूला घेतलं. "तुमी नंतर जेवा. घरी. कमळीनं केलंय." रीमा म्हणाली, "बरं, बाबा." त्याला हायसं वाटलं. आपली माणसं बाजूला काढली, आता हात मोकळे.

परेशनं शाल घातली, श्रीफळ दिलं. टाळ्या झाल्या. पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा चटणी फिरवत होते. परेश स्वतः भज्याला चटणी लावून घास तोंडात घालत म्हणाला, "काका, दोन शब्द बोला." आणि माइक हातात दिला.

"मी काय बोलनार," शत्रुघ्न म्हणाला. "चार वर्सांमागं मी ह्यांच्या हापिसात गेलो होतो. तुमचा मैल्याचा पाइप माझ्या बावखलात येतो म्हनून सांगायला. तवा सेक्रेटरीसाहेब मला म्हनाले, फुकटचं खत आहे, थँक्यू म्हना. तवा म्हनायचं राहिलं. आज म्हनतो. थँक्यू." दोन-चार जण उगाच हसले. "आनि आमच्या घरात कोनाचं काय ठेवून घ्यायची रीत नाय. म्हनून तीन वर्सं रोज सकाळी थोडं थोडं परत करत आलो. ज्या पान्यात तुमचा संडास येतो, त्याच पान्यावर ही कोथिंबीर. हा मुळा. हा पालक. आजची चटनी पन त्यातलीच." तो परेशकडे वळला. "सेक्रेटरीसाहेब, तुमचंच आहे. कसं लागलं?"

कोणीतरी पानावरून उठलं, कोणीतरी मोरीकडे धावलं, कोणाची तरी खुर्ची पडली. मीरा तोंडावर पदर दाबून मटकन खाली बसली. परेशच्या बोटांना चटणी लागलेली होती आणि तो त्या बोटांकडे बघत होता. शत्रुघ्ननं ते डोळे भरून पाहिलं. चार वर्षं ज्या एका तोंडाची त्यानं वाट पाहिली होती, ते तोंड त्याच्यासमोर उतरलं होतं. वा! अंगातून नुसती थंड लाट गेली त्याच्या.

त्यानं कमळीकडे पाहिलं. वाटलं, घाबरली असेल, चिडली असेल, घरी समजावू. पण कमळी परेशकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही. ती अनुष्काकडे बघत होती.

रीमा तिच्या बाजूला उभी होती. ती हळू विचारत होती, पण माइक शत्रुघ्नच्या हातात चालूच होता आणि त्या दोघी अगदी मंचाला लागून. "आई, रविवारची भाजी तू कुठल्या वाफ्यातली आणतेस?"

"घरच्या वाफ्यातली खुरटी असते गं," कमळी म्हणाली. "आमाला चालते. पन तुझ्या सासूम्होरं... लेकीकडं खुरटी कशी न्यायची? मोठ्या पानांची होती ना ह्यांच्या टोपलीत. रविवारी दोन जुड्या काढायची मी, ह्यांना न सांगता. मुळे पन. चांगलं ते लेकीला, म्हनून..."

लाउडस्पीकरवरून ते सगळं मंडपभर ऐकू गेलं. कमळीला कोणी दोष देऊ शकत नव्हतं. लेकीच्या घरी निवडक न्यायचं, उरलंसुरलं आपण खायचं, हे तिच्या आईनं केलं, सासूनं केलं, तिनंही केलं. अठ्ठावीस जुड्या. वॉचमन नव्हता तो.

परेश कोणाकडेही न बघता म्हणाला, "आमच्या सुमेधला जुलैत कावीळ झाली होती." एवढंच. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि शत्रुघ्नला ते भांडण त्या घडीला हवं होतं. कोणीतरी अंगावर धावून यायला हवं होतं. कोणी आलं नाही. अनुष्कानं आईचा हात ओढून विचारलं, "आजोबांनी काय केलं?" रीमानं तिला कडेवर उचललं आणि ती मंडपातून निघून गेली.

पोलिसांत कोणी गेलं नाही. तक्रार करायची तर आधी स्वतःचा पाइप दाखवावा लागला असता. आठ दिवसांत गवंडी आला, भिंतीचं भोक बुजलं, तळघरातलं यंत्र घरघरायला लागलं. जयराम म्हणाला, "जिंकलास बाबा! अर्जानं झालं नाय ते चटनीनं झालं." आळीत त्याची गोष्ट झाली. लोक हसून सांगायचे. शत्रुघ्न हसायचा नाही. त्यानं वाडीतलं पान न् पान उपटलं आणि खड्ड्यात गाडलं. गेटावर वॉचमनला गाठून म्हणाला, "चूक झाली." वॉचमनला कळेना, कसली.

मे महिन्यात त्यानं बावखलाचा गाळ काढायला घेतला. आळीतलं कोण येणार, वाड्याच कोणाच्या उरल्या नव्हत्या. त्यानं आणि कमळीनं मिळून महिनाभर काढला. कमळी घमेली उचलायची, पण आचोळ्याचं नाव काढायची नाही. पाऊस आला, बावखल भरलं, वाहिलं, पुन्हा भरलं. ऑक्टोबरात क्षितिजा बाटली घेऊन गेली आणि कागद आणला. "काका, पाणी सुधारलं. खूप सुधारलं. आता लावा." काठाला बोटाएवढे मासे दिसायला लागले होते.

त्यानं एकच वाफा लावला. बेताचं शेणखत घातलं, युरिया नाही. कोथिंबीर आली ती बोटभर उंचीची, बारीक पानांची, आणि वास असा की हाताला दिवसभर राहावा. डिसेंबरातल्या एका रविवारी त्यानं जुडी बांधली, चार कोवळे मुळे घेतले, क्षितिजाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच पिशवी घेऊन स्वतः आचोळ्याला गेला.

रीमानं दार उघडलं. "या बाबा, बसा." पाणी दिलं, चहा दिला, बिस्किटं ठेवली. तब्येत विचारली. गुडघा विचारला. अनुष्का शिकवणीला गेली आहे म्हणाली. त्यानं कागद काढून दाखवला, पानी आता गोडं आहे, मासे आलेत, म्हणून सांगितलं. रीमानं कागद शेवटपर्यंत वाचला. "छान झालं," म्हणाली. आतून अनुष्काच्या बांगड्या वाजल्या आणि दार लोटल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला.

तो निघाला तेव्हा रीमानं दाराशी ठेवलेली पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. जशी आणली होती तशी, आत कोथिंबीर, मुळे.

"राहू द्या, बाबा. आमच्याकडे आहे भाजी."

"रीमा," तो म्हणाला, "शिव्या दे गं मला. चार दे."

रीमानं त्याच्याकडे पाहिलं. बापावर गेलेले डोळे होते ते, त्याला ते ओळखीचे होते. ती काही बोलली नाही. तिनं त्याला नीट उतरा, जिन्यात अंधार आहे, एवढं सांगितलं आणि दार हळूच लावून घेतलं.

शत्रुघ्न पिशवी हातात धरून जिन्यात उभा राहिला. शिडीसाठी त्यानं स्वतः जयरामवर सहा वर्षं डूख धरला होता. आपल्या लेकीला किती लागतील, त्याचा त्याला काही अंदाज येईना.